एकाच बाजूला

डॉक्टरबाईंनी उठून स्वतः दार लावलं, तेव्हाच थोरल्याला कळलं, की आज काहीतरी वेगळं आहे. आजवरच्या सगळ्या तपासण्यांचे निकाल त्यांनी दार उघडं ठेवूनच सांगितले होते. रक्तगट जुळला, साखर नाही, हृदय घोड्यासारखं. धाकटा बाहेर बाकावर बसलेला असायचा आणि आतलं सगळं त्याला ऐकू जायचं. आज तो बाकावर नव्हता. खालच्या मजल्यावर त्याचं डायलिसिस चालू होतं.

"तुम्हाला कधी लघवीचा काही त्रास झाला होता? लहानपणी वगैरे? मुतखडा?"

"कधीच नाही. का?"

डॉक्टरबाईंनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. "हा तुमचा सीटी स्कॅन. ही उजवी किडनी, जिथे असायला हवी तिथे. आता डावीकडे बघा."

थोरल्याने डोळे बारीक करून बघितलं. "मला तर काहीच दिसत नाही."

"काहीच नाहीये तिथे. तेच दाखवतेय."

थोरल्याचा हात आपसूक डाव्या कमरेवर गेला.

"घाबरू नका, हरवलेली नाही. ती इकडे आलीय." त्यांनी पेनाचं टोक उजव्या किडनीच्या खाली टेकवलं. तिथे एक जाडजूड, वेडावाकडा आकार होता, वरच्या किडनीला सलग जोडलेला. "आईच्या पोटात असताना किडन्या खालून वर सरकतात, आपापल्या बाजूला. तुमची डावी रस्ता चुकली. मधली रेघ ओलांडून उजवीकडे गेली आणि तिथलीच्या खालच्या टोकाला चिकटली. दोघींची मिळून एकच झालीय. नळी मात्र इमानाने परत डावीकडे जाऊन मूत्राशयात शिरते. फार क्वचित असतं असं. कित्येकांना जन्मभर पत्ता लागत नाही, कारण काम बिनबोभाट चालू असतं. तुमचंही छान चाललंय."

"मग झालं तर. त्यातली एक सोडवून घ्यायची."

"सोडवता येत नाही. यांना रक्त कुठून कुठून येतंय याला काही धरबंध नाही. कापायला गेलो तर तुमचीही जाईल आणि तुमच्या भावाच्याही उपयोगाची राहणार नाही. तुम्ही देऊ शकत नाही."

आणि थोरल्याचा जीव भांड्यात पडला. तो आवरायच्या आत पडला. सहा महिन्यांपासून छातीवर धरून ठेवलेला दगड कोणीतरी अलगद उचलून घ्यावा, तसं झालं. पुढच्याच क्षणाला त्याला धाकट्याचा सुजलेला चेहरा आठवला आणि कानशिलं तापली.

"तुमच्या भावाला मी एवढंच सांगणार, की दाता म्हणून तुम्ही चालत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कारण सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आमचा नियमच आहे तो. आणि एक, पोटावर मार बसू देऊ नका. हा सगळा गोळा खाली आणि पुढे आहे. बरगड्यांचा आडोसा नाही त्याला."

"लपवण्यासारखं काय आहे त्यात?" थोरला म्हणाला. "मीच सांगतो त्याला."

दोघा भावांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांच्या काचा, आरसे, टेबलांवरच्या काचा. थोरला मापं घ्यायचा, कापायचा आणि कडा घासायचा. धाकटा बसवायचा, आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं कामही त्याचंच, कारण थोरल्याला चार वाक्यं सलग बोलायची म्हणजे संकट. दुकानाच्या वर दोन बिऱ्हाडं होती, मधे एकच भिंत. ती भिंत अशी पातळ, की इकडे कोणी शिंकलं तर तिकडून विचारणा व्हायची.

सहा महिन्यांपूर्वी धाकट्याच्या किडन्यांनी हात टेकले. त्याच्या बायकोचा रक्तगट जुळेना. आईला मधुमेह. उरला थोरला. "माझी घ्या," तो तिथल्या तिथे म्हणाला होता, आणि त्या रात्री त्याची बायको स्वयंपाकघरात त्याच्याशी भांडली होती. "अहो, तुम्हाला काही झालं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?" आवाज दाबूनच बोलली होती ती. पण भिंत ती भिंत.

संध्याकाळी थोरला पलीकडे गेला. धाकटा पलंगावर आडवा होता. डायलिसिसच्या दिवशी तो पिळून काढलेल्या फडक्यासारखा व्हायचा. त्याची बायको शेंगा सोलत खाली बसली होती. आई खुर्चीत. थोरल्याची बायको दारातच उभी राहिली.

थोरल्याने सांगितलं. जसं कळलं होतं तसं, अडखळत सांगितलं.

धाकटा आधी हसला. "दोन्ही एका बाजूला? आणि चिकटलेल्या? दादा, निदान पटेल असं काहीतरी शोधायचंस."

"अरे, मी बघितलंय डोळ्यांनी. हा बघ, रिपोर्ट आहे."

धाकट्याने कागद हातात घेतलासुद्धा नाही. शेंगा सोलणारे हात थांबले. धाकट्याची बायको खाली मान घालूनच म्हणाली, "दादा, तिकडे डायलिसिसला बायका बोलतात ते मी ऐकलंय. कुणाला ऐनवेळी द्यायची नसली, की डॉक्टरच सांगतात, हे चालत नाहीत म्हणून. म्हणजे घरात वाईटपणा नको. कागदसुद्धा देतात म्हणे."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"तुम्ही नसाल बोलत," ती म्हणाली आणि दाराकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" थोरल्याची बायको उसळली. "हो, मी नको म्हणाले होते! पण म्हणून यांच्या पोटात मी जाऊन किडन्या चिकटवल्या का?"

एरवी या वाक्यावर सगळे हसले असते. आज कोणी हसलं नाही. तेवढ्यात आईचा आवाज आला, बारीक. "माझ्या पोटात असताना झालं म्हणतोस? माझं काही चुकलं होतं का रे?"

"नाही गं आई. तसं काही नसतं."

धाकटा थोरल्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता. मग त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. "जा दादा," तो म्हणाला. "मला झोपू दे."

त्यानंतर दोघं कामापुरतं बोलायला लागले. माप काय, जाडी किती, गिऱ्हाईक कधी येणार. धाकटा जमेल तेव्हा खाली येऊन बसायचा, चिठ्ठ्या लिहायचा आणि वर जायचा. जावा जिन्यात समोरासमोर आल्या तर एक भिंतीला चिकटून दुसरीला वाट द्यायची. थोरल्याने डॉक्टरबाईंकडे जाऊन, तुम्हीच त्याला समजावून सांगा, असं म्हणायचं दोनदा ठरवलं आणि दोनदा परत फिरला. आपल्या सख्ख्या भावाला आपला शब्द पटवायला डॉक्टर न्यायचा, या विचाराने त्याच्या जिवावर यायचं. शिवाय आतून कोणीतरी टोचत होतं. धाकट्याचं अगदीच चुकत होतं का?

मग एका सकाळी धाकट्याच्या हातातली, डायलिसिससाठी जोडून दिलेली नस बंद पडली. धावपळ करून ती उघडली गेली. पण डॉक्टर म्हणाले, पुन्हा बंद पडली तर उघडेलच असं नाही, तेव्हा दाता लवकर बघा. धाकट्याच्या बायकोने ते वाक्य घरी आल्यावर जिन्यात उभं राहून, मोठ्याने, कोणालाही उद्देशून नाही अशा आवाजात सांगितलं.

त्याच आठवड्यात नाचाच्या वर्गाचं काम होतं. दुसऱ्या मजल्यावरची लांब खोली, भिंतभर आरसे. तीन लावून झाले होते, चौथा राहिला होता आणि दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू व्हायचा होता. थोरल्याच्या हाताखालचा माणूस तापाने पडला. थोरला फोनवर दुसरं कोणी मिळतं का बघत होता, तेवढ्यात धाकटा खाली आला आणि हातमोजे चढवायला लागला.

"तू नाही," थोरला म्हणाला. "त्या हाताने वजन उचलायचं नाही सांगितलंय तुला."

"दुसऱ्या हाताने धरतो. पट्टा आहे ना खांद्याला."

"छोट्या, ऐक."

"अजून मेलो नाही मी," धाकटा म्हणाला. "चल."

आरशाच्या कडा त्यांनी पुठ्ठ्यात आणि जुन्या रजईत गुंडाळल्या, पट्टे अडकवले. चढताना खालच्या माणसावर सगळा भार येतो, म्हणून थोरला खाली राहिला. धाकटा वर, उलटा चालत. जिना अरुंद होता, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा. पहिला मजला नीट पार पडला. "सावकाश," "हं," "टेकव," "उचल," एवढेच शब्द. महिनाभरात त्यांच्यात झालेलं सगळ्यात लांब बोलणं तेच होतं.

पुढच्या वळणावर धाकटा थांबला. थोरल्याला वाटलं, दम लागला. त्याने आरसा खालून तोलून धरला.

"दादा, खरं सांग."

"काय?"

"खरं सांग मला. मी कोणाला बोलणार नाही. बायकोला नाही, आईला नाही. तू घाबरलास, असं म्हण. मी समजून घेईन. पण ते एका बाजूला, चिकटलेलं, असलं काही मला सांगू नकोस. मी लहान नाही."

"छोट्या, आधी वर जाऊ."

"इथेच सांग. वर गेल्यावर तू पळशील."

आरशाचं वजन थोरल्याच्या मनगटांत उतरत होतं. वरून धाकट्याचा श्वास ऐकू येत होता, घरघर लागल्यासारखा. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"मी सांगितलं ते सगळं खरं आहे," थोरला म्हणाला.

"सगळं?"

थोरला गप्प झाला. त्या क्षणी त्याला डॉक्टरबाईंची खोली दिसत होती, आणि स्वतःचा तो मोकळा सुटलेला श्वास.

"बघ," धाकटा म्हणाला. "बघ, गप्प बसलास." आणि बोलता बोलता त्याचे डोळे फिरले, गुडघा मोडला आणि पट्टा खांद्यावरून घसरला.

आरसा सरळ खाली आला. थोरल्याने बाजूला व्हायला हवं होतं. काचेच्या धंद्यात पहिलं तेच शिकवतात, काच पडली तर सोडून द्यायची. पण धाकटा पट्ट्यात अडकून आरशाबरोबर खाली ओढला जात होता. थोरल्याने पाय रोवले आणि आरसा अंगावर घेतला. गुंडाळलेली कड उजव्या कुशीच्या खाली, पोटात बसली. पाठ कठड्यावर आपटली. डोळ्यांपुढे काळोख आला, पण आरसा थांबला आणि धाकटाही पायरीवर बसता झाला.

"लागलं?" धाकट्याने घाबरून विचारलं.

"नाही. तुला?"

"नाही. चक्कर आली फक्त."

आवाज ऐकून नाचाच्या बाई आणि त्यांचा शिपाई धावत आले. चौघांनी मिळून आरसा वर नेऊन भिंतीला टेकवला. बाई पाणी आणायला गेल्या. थोरला म्हणाला, "मी जरा आलो," आणि भिंतीचा आधार घेत मोरीकडे गेला.

लघवी लाल झाली. गुलाबी वगैरे नाही, चांगली गडद लाल. पोटावर मार बसू देऊ नका. डॉक्टरबाईंचे शब्द त्याला असे ऐकू आले, की त्या मागेच उभ्या असाव्यात. दोन्ही तिथेच होत्या. एकीला मार म्हणजे दोघींना मार, आणि दुसऱ्या बाजूला कोणी नाही.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळाला घाम फुटला होता आणि तो वाकूनच चालत होता. धाकट्याने त्याच्याकडे बघितलं आणि उठून उभा राहिला. "दादा, काय झालं?"

"रक्त जातंय," थोरला म्हणाला.

धाकट्याने रिक्षा थांबवली आणि त्याला धरून आत बसवलं. रुग्णालय तेच होतं, पण अपघात विभागातली माणसं वेगळी. एका तरुण डॉक्टरने पोट दाबून बघितलं आणि थोरल्याने दात आवळले. सोनोग्राफीचं यंत्र पलंगापाशीच ओढत आणलं. सोनोग्राफीवाले डॉक्टर वयस्क, कंटाळलेले. त्यांनी पोटावर गार जेल ओतलं आणि धाकट्याला विचारलं, "तुम्ही कोण?"

"भाऊ."

डॉक्टरांनी यंत्र डाव्या कुशीवरून फिरवलं. वर नेलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं. कपाळाला आठ्या पडल्या. "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." मग त्यांनी थोरल्याला नाही, धाकट्यालाच विचारलं, "यांची डावी किडनी कधी काढली?"

धाकटा यंत्राच्या पडद्याकडे बघत राहिला.

"अहो, विचारतोय. ऑपरेशन झालंय का? दान केलीय का कोणाला?"

"नाही," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज कोणा दुसऱ्याचा असावा तसा आला. "काढलेली नाही. ती उजवीकडे आहे. खाली बघा. चिकटलेली आहे."

डॉक्टरांनी यंत्र उजवीकडे नेलं, खाली सरकवलं आणि थांबवलं. कंटाळा कुठल्या कुठे गेला. "अरेच्या," ते म्हणाले. "खरंच की." आणि मग लगेच गंभीर होऊन त्यांनी तरुण डॉक्टरला हाक मारली. "रक्त साकळलंय इथे. सीटी करून घ्या, आत्ताच्या आत्ता. आणि वरच्या मजल्यावरच्या किडनीच्या मॅडमना कळवा."

सीटी झाला. डॉक्टरबाई आल्या, थोरल्याला बघून, "हेच सांगितलं होतं ना?" एवढंच म्हणाल्या आणि कामाला लागल्या. चिकटलेल्या भागाला आतून चीर गेली होती. खोल नव्हती. पडून राहायचं, हलायचं नाही, दर वेळची लघवी बाटलीत धरायची आणि रंगावर लक्ष ठेवायचं. थांबलं तर ठीक. नाही थांबलं तर रक्त कुठून येतंय ती वाट शोधून बंद करायची. आणि तेही जमलं नाही तर... डॉक्टरबाईंनी वाक्य अर्धंच सोडलं. धाकट्याला ते पुरं करता येत होतं. अख्खा गोळा गेला, तर आपल्या शेजारच्या खाटेवर डायलिसिसला दादा.

बायका आल्या. थोरल्याची बायको रडली नाही, तिने फक्त नवऱ्याचे पाय पांघरुणात नीट खोचले आणि खाटेच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. धाकट्याच्या बायकोला नवऱ्याने बाहेर नेऊन सगळं सांगितलं. ती आत आली आणि जावेच्या शेजारी उभी राहिली. तिने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"आत्ता नको," थोरली जाऊ म्हणाली. "आत्ता मला काही ऐकू येणार नाही. चहा मिळाला तर बघ कुठे."

धाकटी खाली मान घालून चहा आणायला गेली.

पहिल्या बाटल्या लाल होत्या. त्यानंतरचीही लालच. धाकटा दर बाटली उजेडात धरून बघायचा आणि ठेवून द्यायचा. मधेच तो म्हणाला, "दादा, मी त्या दिवशी कागदाला हातसुद्धा लावला नाही."

"असू दे."

"नाही, असू दे काय? मी तुला मारलंच असतं आज."

थोरल्याने छताकडे बघत बोलायला सुरुवात केली. चार वाक्यं सलग बोलायची होती. "तू जिन्यात विचारलंस, सगळं खरं का. तर ऐक. बाईंनी जेव्हा सांगितलं की देता येणार नाही, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. बरं वाटलं. एक क्षणभर. ते तेवढं मी सांगितलं नव्हतं."

धाकट्याने बाटली खाली ठेवली. "ते मला माहीत होतं."

"कसं?"

"तू घरी सांगायला आलास ना, तेव्हा तुझ्या तोंडावर दिसत होतं. सहा महिने तुझं तोंड मी बघत होतो दादा, कसं काळवंडलं होतं ते. त्या दिवशी ते मोकळं झालं होतं. म्हणूनच तर मला बाकीचं सगळं खोटं वाटलं." त्याने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "माझ्यावर आलं असतं तर मीही घाबरलोच असतो. पण तेव्हा मला ते सुचलं नाही. तेव्हा मला फक्त राग आला."

थोरल्याने पांघरुणातून हात बाहेर काढला. धाकट्याने तो धरला नाही, त्यांच्या घरात तशी पद्धत नव्हती. त्याने हातावरची सलाईनची नळी सरळ केली आणि हात परत पांघरुणात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाटलीचा रंग विटकरी झाला. संध्याकाळी चहासारखा. त्यानंतर पिवळा. डॉक्टरबाईंनी बाटली हातात घेऊन तिच्याकडे कौतुकाने बघितलं. "शहाणी आहे तुमची किडनी," त्या म्हणाल्या. "जागा चुकली, पण अक्कल आहे."

थोरला वाचला. पण धाकट्याचा प्रश्न जिथल्या तिथे होता, आणि त्याची नस कुरकुरतच होती. वाट दाखवली ती डॉक्टरबाईंनी. अशीच अडलेली दुसरी एक जोडी होती. बायको आजारी, नवरा द्यायला तयार, पण तिला त्याची चालत नव्हती. तपासण्या झाल्या. त्या नवऱ्याची धाकट्याला चालत होती, आणि धाकट्याच्या बायकोची त्या बाईंना. अदलाबदल. चार ऑपरेशनं, एकाच सकाळी, म्हणजे कोणालाच शेवटच्या घडीला मागे फिरता येऊ नये.

"त्यांनी पाठ फिरवली तर?" धाकट्याच्या बायकोने विचारलं.

"तेही तुमच्याबद्दल हेच विचारतायत," डॉक्टरबाई म्हणाल्या.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरबाईंनी तिलाही एकटीला आत बोलावलं, दार लावलं आणि सांगितलं, की अजूनही नको असेल तर आम्ही फक्त 'चालत नाही' एवढंच सांगू. ती बाहेर आली आणि थोरल्या जावेच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. "ताई, मला भीती वाटतेय हो. खूप. आणि मी दादांना काय काय बोलले."

"वाटू दे भीती," थोरली म्हणाली. "मला नवऱ्यासाठी वाटली, तुला स्वतःसाठी वाटतेय. कोणी काही खाणार नाही तुला. मी आहे दाराशी."

ती खरंच दाराशी बसून राहिली. सकाळी त्या दोघांना आत नेलं आणि दुपार कलली तरी कोणी बाहेर येईना. थोरला बाकावर बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. समोरच्या बाकावर एक म्हातारा आणि कॉलेजच्या वयाची मुलगी बसली होती, त्यांचंही तेच चाललं होतं. तीच पलीकडची माणसं असणार, हे सगळ्यांना कळलं होतं आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मुलगी मधेच उठून आईला, म्हणजे थोरल्याच्या आईला, पाण्याची बाटली द्यायला आली. आई घोटभर पाणी प्यायली, पण मुलीचा हात तिने बराच वेळ सोडला नाही.

अखेर डॉक्टरबाई बाहेर आल्या, टोपी काढत. धाकट्याची नवी किडनी टेबलावरच काम करायला लागली होती. थोरला आईला सांगायला वळला.

धाकट्याची बायको संध्याकाळी शुद्धीवर आली. थोरली जाऊ तिच्या तोंडावर वाकली. "छान झालंय सगळं. भावजींना लघवी होतेय, भरभरून. ऐकू येतंय ना?"

तिने डोळे मिटून मान हलवली. मग पुन्हा उघडले. ओठ कोरडे पडले होते, शब्द नीट फुटत नव्हते. "आणि त्या बाईंना?"

"कोणत्या?"

"माझी दिली ती... त्यांना होतेय का?"

थोरली सरळ झाली. तिने साडीचा पदर खोचला, आणि व्हरांड्यातून त्या म्हाताऱ्याच्या बाकाकडे निघाली, दिवसभरात पहिल्यांदा. तिथे काहीतरी बोलणं झालं. मुलगी उठून उभी राहिली आणि तिने थोरलीच्या गळ्यात हात टाकले. थोरली परत आली तेव्हा तिला धाप लागली होती.

"होतेय गं," ती म्हणाली. "भरपूर होतेय. झोप आता."